फायबरच्या बोटीची चकाकी: पहिल्या धुण्यापासून मेणाच्या दुसऱ्या हातापर्यंत

फायबरची बोट नवी येते तेव्हा तिच्या अंगात समोरच्या माणसाचा चेहरा दिसतो. किनाऱ्यावरच्या उन्हात दोन-तीन हंगाम गेले की तोच रंग विटतो, हात फिरवला तर तळव्याला पांढरी भुकटी लागते. मग मालक मेणाचा डबा आणतो आणि त्या भुकटीवरच मेण फासतो. आठवडाभर बरं दिसतं, पुढच्या आठवड्यात बोट होती तशी. चकाकी येते ती पृष्ठभाग गुळगुळीत असल्यामुळे. मेण तो गुळगुळीतपणा ऊन आणि खाऱ्या पाण्यापासून काही महिने राखतं, पण स्वतः तो आणू शकत नाही. म्हणून या कामातला मोठा वेळ मेणाआधीच्या तयारीत जातो आणि तो जायलाच हवा.

हे सगळं १८ ते २५ फुटी, आउटबोर्ड (मागे बाहेरून बसवलेल्या) इंजिनाच्या फायबर बोटी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे: मालवण, तारकर्ली, देवबागला पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेणाऱ्या, मांडव्याला जेट्टीजवळ उभ्या असणाऱ्या, गोव्यात मांडवीच्या पात्रात फिरणाऱ्या. मासेमारीच्या फायबर होड्यांनाही यातलं बरंचसं लागू पडतं. लाकडी होडीचं मात्र सगळंच निराळं. लाकडाला तेल आणि रोगण लागतं, तिथे यातली कृती वापरू नका.

जेलकोट आधी समजून घ्या

फायबरची बोट साच्यात घडते. साच्याला आतून मेण लावतात, त्यावर रंगीत जेलकोटचा, म्हणजे रंग मिसळलेल्या रेझिनचा (वाळून कडक होणाऱ्या चिकट द्रवाचा) थर देतात, आणि मग त्याच्या पाठीमागे काचतंतूंची चटई आणि रेझिन यांचे थर चढवतात. साच्यातून बोट बाहेर निघाली की सर्वांत आधी दिलेला थर सर्वांत बाहेर येतो. आपण जे धुतो, घासतो, चमकवतो ते सगळं या एका थरावर.

हा थर साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतो. मोटारीच्या रंगावर जो पारदर्शक क्लिअरकोट असतो तो चाळीस-पन्नास मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे जेलकोटच्या जेमतेम एक दशांश. त्यामुळे मोटारीपेक्षा बोटीला घासायला जास्त वाव आहे. पण जे निघालं ते परत येत नाही. नाळेची (बोटीच्या पुढच्या टोकाची) धार, मागचे कोपरे, काठाच्या कडा इथे थर आधीच पातळ असतो आणि पॉलिशचं मशीन नेमकं तिथेच जास्त दाबलं जातं. जेलकोट संपला की खालच्या काचतंतूंची जाळी दिसायला लागते, आणि तिथून पाणी आत शिरतं. पॉलिश करताना सतत डोक्यात ठेवायचा हिशोब हाच: काम होईल इतकंच काढायचं, त्याहून कणभरही जास्त नाही.

उन्हातले अतिनील किरण जेलकोटमधल्या पॉलिएस्टर रेझिनचे बंध तोडतात. रेझिन झिजलं की रंगाचे कण मोकळे होतात, तीच हाताला लागणारी भुकटी. पृष्ठभागावर बारीक खड्डे पडतात, प्रकाश सरळ परतण्याऐवजी चहूकडे विखुरतो आणि रंग मेल्यासारखा दिसतो. खड्ड्यांत मीठ, डिझेलचा काजळ, खाडीच्या पाण्यातला पिवळेपणा बसतो. गडद निळ्या आणि लाल बोटी जास्त तापतात, आणि त्यांच्यावर विटलेपण फार आधी नजरेत येतं. भाड्याने चालवायची बोट घ्यायची असेल आणि रंग निवडायची मुभा असेल, तर पांढराच घ्या.

तीन चाचण्या, मगच खरेदी

दुकानात जाण्याआधी बोटीची अवस्था पाहून घ्या.

पहिली: काळा सुती कपडा घेऊन बोटीच्या अंगावर जरा दाबून फिरवा. कपडा पांढरा झाला तर जेलकोट भुकटतोय.

दुसरी: तोच भाग पाण्याने ओला करा. ओला असताना जुनी चमक दिसली, तर खड्डे उथळ आहेत. पाण्याने ते तात्पुरते भरले म्हणून प्रकाश सरळ परतला. अशा बोटीला कंपाउंड (पृष्ठभाग बारीक घासणारा लेप) आणि पॉलिश पुरतं. ओली असूनही निस्तेजच दिसली, तर वॉटर पेपर (ओला करून घासायचा पॉलिश पेपर) मारावा लागेल.

तिसरी, आणि ही फायबरच्या मासेमारी होड्यांसाठी चुकवू नका: आडोशाच्या जागी ॲसिटोनमध्ये बुडवलेला कपडा घासून पाहा. रंग विरघळून कपड्यावर चिकट उतरला, तर वर साधा ऑइलपेंट मारलेला आहे. जेलकोटवर ॲसिटोनने फार तर मोकळी भुकटी निघेल, रंग वितळणार नाही. ऑइलपेंटच्या होडीवर कंपाउंड चालवू नका, काही वेळात खालचा थर उघडा पडेल. ती नुसती धुवा, आणि फारच मळकट वाटली तर पुढच्या रंगकामाची वाट पाहा.

वेळ आणि जागा

मे अखेरीला पर्यटन बोटी बंद होतात, १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारीबंदी, आणि किनाऱ्यावर बोटी शाकारायची घाई उडते. पुष्कळजण म्हणतात, आता बोट वरच आहे, पावसात निवांत करू. हा बेत फसतो. जुलैच्या दमट हवेत मेण नीट वाळत नाही, पुसताना चिकट ओरखडे उठतात, आणि बारीक खड्ड्यांतला ओलावा मेणाखाली अडकतो. मोठं काम मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात उरका, म्हणजे पावसाचं पाणी आणि बुरशी मेणावर येईल, उघड्या जेलकोटवर नाही. सप्टेंबरात पाण्यात उतरवण्याआधी धुऊन मेणाचा एक हात द्या. हंगामात बोट रोज उन्हात असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत आणखी एक.

मे महिन्यात सकाळी साडेसहा ते दहा हीच खरी कामाची वेळ. त्यानंतर जेलकोट इतका तापतो की कंपाउंड लावल्या लावल्या वाळतं. तळहात अंगावर आरामात ठेवता आला तर काम करा, चटका लागला तर थांबा.

पुळणीवर पॉलिश करू नका. वाऱ्यासोबत उडणारी रेती जेलकोटहून कठीण असते. एक कण मशीनच्या पॅडखाली आला तर तो प्रत्येक फेऱ्यात गोल चरा काढत जातो. बोट ट्रॉलीवर किंवा लाकडी ठोकळ्यांवर आत घ्या, जमीन पाणी मारून ओली करा. सावली हवी म्हणून माडाखाली मात्र उभी करू नका. नारळ किंवा सुकी झावळी पडून फायबरला तडा जाणं ही इकडे सरसकट घडणारी गोष्ट आहे. मांडव घाला, नाहीतर घराच्या सावलीच्या बाजूला घ्या.

धुणं

सुरुवात साध्या गोड्या पाण्याने. पाइप वरून खाली धरून भरपूर पाणी सोडा आणि पाच-दहा मिनिटं थांबा. मीठ वाळून त्याचे टोकदार कण झालेले असतात. ते विरघळायच्या आधी कपडा फिरवला तर आपणच बोट खरवडतो.

मग गाडी धुण्याचा शॅम्पू आणि मऊ ब्रश किंवा स्पंज. दोन बादल्या घ्या, एकीत शॅम्पूचं पाणी, दुसरीत ब्रश खळबळायला साधं पाणी. मळ दुसऱ्या बादलीत राहिला पाहिजे. काथ्याची घासणी नको, तारेची तर मुळीच नको. तिचे लोखंडी तुकडे खड्ड्यांत रुततात, आणि पहिल्या पावसात बोटीच्या अंगावर तांबूस ठिपके उमटतात. संडास धुण्याचं ॲसिड वापरून बोट ‘पांढरीशुभ्र’ करण्याची सवय तर ताबडतोब सोडा. त्यातलं हायड्रोक्लोरिक ॲसिड स्टीलचे रेलिंग, ॲल्युमिनियमचे भाग आणि ट्रॉलीचा जस्ताचा मुलामा, तिन्ही खातं.

जिथे पाण्याची रेषा असते तिथे खाडीतल्या बोटींना पिवळा-तपकिरी पट्टा पडतो, आणि बोल्टांच्या खाली गंजाचे ओघळ असतात. हे घासून काढायचं नसतं, रसायनाने काढायचं असतं, नाहीतर डागापायी जेलकोट जातो. ऑक्झॅलिक ॲसिडची पूड रसायनांच्या दुकानात मिळते. प्लास्टिकच्या बादलीत एक लिटर कोमट पाण्यात सुमारे ५० ग्रॅम विरघळवा, हातमोजे आणि गॉगल घाला, ब्रशने डागांवर लावा. दहा-पंधरा मिनिटं तो भाग ओलाच ठेवा. वाळू दिलात तर ॲसिडचे पांढरे खडे धरतात. पहिल्या पाच मिनिटांत काही होत नाहीसं वाटतं, मग पिवळा पट्टा कडेने विरायला लागतो. शेवटी मुबलक पाण्याने धुवा. ही पूड विषारी आहे, घरात मिठा-साखरेच्या आसपास ठेवू नका, आणि डब्यावर ठळक अक्षरांत नाव लिहा. धुण्याचं पाणी सरळ खाडीत जाणार नाही, एवढं पाहा.

खडखडीत वाळल्यावर जुनं मेण आणि तेलकटपणा काढा. ॲसिटोन स्वच्छ पांढऱ्या कपड्यावर घ्या, एका दिशेने पुसा, घडी उलटा, पुन्हा पुसा. तोच भाग मागे-पुढे घासलात तर मेण फक्त इकडचं तिकडे होतं. ॲसिटोन भडकन पेटतं, तेव्हा आसपास विडी-सिगारेट आणि चालू इंजिन नको. समोरची पारदर्शक काच बहुधा ॲक्रिलिकची असते. तिला ॲसिटोन लागलं की जाळीदार तडे पडतात आणि ते कधीच जात नाहीत, म्हणून ती आधी झाकून घ्या.

भेगा आणि खोल चरे

जेट्टीला आपटून पडलेल्या चांदणीसारख्या भेगा पॉलिशने बुजत नाहीत, उलट त्यांत पांढरं कंपाउंड भरून त्या जास्त दिसतात. त्या आधी जेलकोटने भरा. भेग जराशी व्ही आकारात उघडा, ॲसिटोनने पुसा, जुळत्या रंगाचा जेलकोट हार्डनर घालून भरा, किंचित वर राहू द्या. जेलकोटचा वरचा भाग हवेत चिकट राहतो, म्हणून वर पातळ प्लास्टिक दाबून बसवा. पूर्ण कडक झाल्यावरच घासा.

इथे एक धोका कधीच विसरू नका. रेझिनच्या दुकानात हार्डनर आणि तो लवकर काम करावा म्हणून घालायचा कोबाल्ट ॲक्सिलरेटर अशा दोन बाटल्या मिळतात. या दोन बाटल्यांतला माल एकमेकांत थेट कधीही मिसळायचा नाही, स्फोट होतो. ॲक्सिलरेटर आधी जेलकोटमध्ये घालून नीट ढवळायचा, हार्डनर त्यानंतर. दोन्हींसाठी चमचेही वेगळे ठेवा. शक्यतो ॲक्सिलरेटर आधीच घातलेला जेलकोट मागा, म्हणजे दुसरी बाटली घरात येतच नाही.

वॉटर पेपर: अगदी गरज असेल तरच

ओलं करूनही निस्तेज राहिलेल्या बोटीलाच हा टप्पा. आधी हातभर जागेवर १००० नंबरचा पेपर मारून पाहा. त्याने काम झालं तर ८०० ला हात लावायची गरज नाही. फारच भुकटलेली असेल तर ८००, मग १०००, मग १५००. मधली पायरी गाळू नका, आधीच्या पेपरचे चरे पुढच्याने काढायचे असतात.

पेपर पाण्यात दहा मिनिटं भिजवा, पाण्यात शॅम्पूचे दोन थेंब टाका, आणि रबरी ठोकळ्यावर गुंडाळून घासा. नुसत्या बोटांनी घासलं की बोटांच्या रुंदीच्या पन्हळी पडतात. उन्हात तिरकं पाहिलं की त्या दिसतात, पण तोवर उशीर झालेला असतो. घासण्याआधी अंगावर शिसपेन्सिलने हलक्या आडव्या-उभ्या रेघा ओढा. रेघा सगळीकडे सारख्या गेल्या की त्या नंबरचं काम झालं, तिथेच थांबा. पेपरचा नंबर बदलला की दिशाही बदला, पहिला आडवा तर दुसरा उभा. मागचे चरे राहिले असतील तर ते आडवे जाताना लगेच कळतात. कडा आणि कोपऱ्यांवर आधीच मास्किंग टेप लावून टाका.

पाण्याखालच्या भागाला शेवाळरोधक रंग असेल तर तिथे पेपर आणि मशीन दोन्ही नको. त्या रंगात तांब्याची संयुगं असतात, त्याची धूळ श्वासात जाणं वाईट. त्या रेषेवर टेप लावा आणि वरच काम करा.

कंपाउंड: कामाचा गाभा

आता मशीनची गोष्ट. दोन प्रकार मिळतात. गोल फिरणारं रोटरी बफिंग मशीन जोरात कापतं, पण नवख्या हातात जेलकोट जाळू शकतं. दुहेरी हालचालीचं ड्युअल ॲक्शन मशीन हळू काम करतं, पण चूक पोटात घालतं. पहिल्यांदा करत असाल तर दुसरंच घ्या, वेळ दुप्पट लागला तरी चालेल. वेल्डिंगच्या दुकानातल्या चार इंची ग्राइंडरला पॅड लावून बफिंग करणारे दिसतात. तो मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे घेतो, आणि बफिंगला हवेत हजार ते दीड हजार. ग्राइंडरने जेलकोट क्षणात पिवळा पडतो आणि तो डाग जळल्याचा असतो, धुऊन जाणारा नसतो.

लोकरी पॅड जास्त कापतो, फोमचा कमी. भुकटलेल्या बोटीला कंपाउंडसाठी लोकरी, पुढच्या पॉलिशसाठी फोम. कंपाउंड शक्यतो जेलकोटसाठी बनवलेलं घ्या. मोटारीच्या रंगाच्या दुकानातलं रबिंग कंपाउंडही चालतं, मात्र जेलकोटवर ते सावकाश कापतं, तेव्हा धीर हवा. कोणतंही आणलंत तरी ‘सिलिकॉनविरहित’ असेल ते बरं. पुढे कधी बोट रंगवायची झाली तर सिलिकॉनमुळे रंग माशाच्या डोळ्यासारखा फाकतो.

बावीस फुटी बोटीची एक बाजू सरासरी अडीच फूट उंच धरली तर दोन्ही बाजू मिळून ११० चौरस फूट, मागचा भाग धरून सव्वाशे. दोन बाय दोन फुटांचे चौकोन पाडले तर तीस-एक चौकोन. पुसण्यासकट एकाला सहा-सात मिनिटं लागतात. नुसत्या हिशोबाने हे साडेतीन तासांचं काम, पण टेप लावणं, पॅड विंचरणं आणि काही चौकोन पुन्हा करणं धरलं तर सकाळच्या थंड वेळेत एक बाजू होते, म्हणून दोन सकाळी धरून चला. एक लिटर कंपाउंड बहुतेक पुरतं.

चौकोन एक घ्या. त्यावर कंपाउंडचे पाच-सहा वाटाण्याएवढे ठिपके द्या. मशीन बंद असताना पॅडने ते पसरवा, मग सर्वांत कमी गतीवर एकदा फिरवा, म्हणजे शिंतोडे उडत नाहीत. आता गती वाढवा. पॅड अंगाला सपाट, मशीनच्या वजनापुरता दाब, हात सावकाश, सेकंदाला दोन-तीन इंच. डावीकडून उजवीकडे जाताना प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढवा, मग तोच चौकोन वरून खाली. मशीन एका जागी उभं राहता कामा नये. मधूनमधून हाताची पाठ लावून पाहा. कोमट ठीक, गरम झालं तर पुढच्या चौकोनावर जा.

कंपाउंडकडे बघत राहा, तेच सगळं सांगतं. सुरुवातीला पांढरा दाट लेप असतो, मग तो पातळ होत जातो, आणि शेवटी धुकट पारदर्शक पापुद्रा उरतो ज्याखालून रंग डोकावतो. तिथे थांबा. पुढे फिरवत राहिलात तर कोरडा पॅड नुसती उष्णता करतो आणि काळपट ओरखडे उठतात. पॅडवर बोटीचाच रंग उतरतो. निळ्या बोटीचा पॅड निळा होतो, यात घाबरण्यासारखं काही नाही, मेलेला जेलकोट निघतोय. दर दोन चौकोनांनी पॅड कडक ब्रशने विंचरा. साचलेलं कंपाउंड वाळून खडे होतात आणि तेच चरे काढतात.

मायक्रोफायबरने पुसा आणि मोबाइलचा टॉर्च तिरका धरा. प्रकाशाचा ठिपका कडेने स्वच्छ दिसला पाहिजे. भोवती धुकं असेल तर तोच चौकोन आणखी एकदा. पहिल्या चौकोनात किती फेऱ्या लागल्या ते लक्षात ठेवा आणि बाकी बोटीला तेवढ्याच द्या, नाहीतर बोट ठिपक्या-ठिपक्यांची दिसते.

विजेचं भान ठेवा: ओल्या जमिनीवर मशीन चालतंय. वायर खांद्यावरून पाठीमागे टाका, जोड पाण्यापासून उंच, आणि ज्या बोर्डाला ईएलसीबी (वीजगळती होताच वीज तोडणारा स्विच) आहे तिथूनच कनेक्शन घ्या. ओढणी, गमछा, शर्टाची नाडी मशीनजवळ नको.

मशीनशिवाय होत नाही असं नाही. दहा-बारा फुटी लहान होडी फारशी भुकटलेली नसेल तर मऊ कपड्याने हातानेच पॉलिश करता येते. भुकटलेल्या मोठ्या बोटीला हाताने कंपाउंड मारणं म्हणजे खांद्यांची शिक्षा. एक दिवस मशीन भाड्याने आणा.

पॉलिश

कंपाउंडने चमक येते, पण पॅडचे बारीक गोल चरे राहतात. पांढऱ्या बोटीवर ते जवळजवळ दिसत नाहीत, म्हणून कामाच्या पांढऱ्या बोटीला ही पायरी गाळली तरी चालेल. निळ्या, काळ्या, लाल बोटीला गाळू नका. कृती तीच, फोमचा पॅड, बारीक पॉलिश, दाब आणखी हलका.

मेण

पॉलिशनंतर बोट सुरेख दिसते आणि अनेकजण इथेच थांबतात. उघडा, ताजा घासलेला जेलकोट कोकणच्या उन्हात ठेवला तर काही आठवड्यांत चमक उतरायला लागते. मेण शक्यतो त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या सकाळी.

कार्नोबा मेण ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका पामच्या पानांवरून मिळतं. नैसर्गिक मेणांत ते फार कठीण, ८० अंश सेल्सिअसच्या वर वितळणारं. त्याची झळाळी उबदार दिसते, पण सततच्या उन्हात दोन-तीन महिन्यांत उतरते. पॉलिमर सीलंट, म्हणजे मेणासारखाच लावायचा कृत्रिम लेप, त्यापेक्षा जास्त टिकतं, आणि रोज धंद्यावर जाणाऱ्या बोटीला माझं मत सीलंटलाच. वर हवं तर सणासुदीला कार्नोबाचा हात द्या. हा क्रम उलटा करू नका, मेणावर सीलंट धरत नाही. सिरॅमिक कोटिंगची जाहिरात हल्ली खूप दिसते. ते टिकतं, पण खालचा पृष्ठभाग जसा असेल तसाच त्याखाली बंद होतो, तेव्हा कंपाउंड-पॉलिश निर्दोष झाल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नका.

फोमच्या चकतीवर थोडंच मेण घ्या आणि छोटी-छोटी वर्तुळं काढत पातळ पसरवा. हात इतका पातळ हवा की जेमतेम दिसावा. जाड थराने टिकाऊपणा वाढत नाही, वाढीव मेण पुसण्यातच जातं आणि पुसताना दमछाक होते. मेण धुरकट झालं की त्यावर हाताचं बोट ओढून पाहा. स्वच्छ रेघ उमटली तर पुसायची वेळ झाली, चिकट फासलं तर आणखी थांबा. एका मायक्रोफायबरने पहिलं पुसणं, दुसऱ्या कोरड्याने झळाळी. दुसरा हात दुसऱ्या दिवशी. पहिल्या हातात सुटलेल्या जागा त्याने भरून निघतात.

आता मेण कुठे लावायचं नाही ते. माणसं जिथे पाय ठेवतात तिथे कुठेही नाही: तळफळ्या, चढायची पायरी, काठाची रुंद पट्टी, न घसरण्यासाठी खडबडीत ठेवलेले भाग. ओल्या पायांनी, लाइफजॅकेट घालून आजी-आजोबा आणि मुलं तिथून चढतात. मेणावर पडलेलं पाणी म्हणजे घसरगुंडी, आणि एक पाय मोडणं कुठल्याही चकाकीपेक्षा महाग आहे. खडबडीत पृष्ठभागात मेण एकदा शिरलं की काढणं फार जिकिरीचं, म्हणून तिथे आधीच टेप लावा. शेवाळरोधक रंगावर मेण नको, त्याचं काम बंद पडतं. इंजिनाच्या झाकणाला मेण चालतं, रबरी फेंडरला (जेट्टीचा धक्का झेलणाऱ्या गादीला) आणि दोरखंडांना नको.

रोजचं राखणं

हंगामात संध्याकाळी बोट वर घेतली की गोड्या पाण्याचा एक फवारा आणि ओल्या शॅमीने (पाणी शोषणाऱ्या मऊ कपड्याने) पुसणं, इतकं झालं तर वर्षाकाठी कंपाउंडची गरजच पडत नाही. एवढ्या पाण्याची सोय नसेल तर किमान नाळ, मागचा भाग आणि स्टीलचे जोड तरी धुवा. भांडी घासायचा साबण रोज वापरू नका, तो मेण उतरवतो. पाणी मारल्यावर त्याचे टपोरे थेंब होऊन घरंगळले तर मेण शाबूत आहे. पाणी सपाट पसरून चिकटून राहिलं की पुढच्या आठवड्यात मेणाचा एक हात देऊन टाका, तेव्हा अर्ध्या सकाळीत होतं.

पावसाळ्यात शाकारताना बोट पुढून किंचित उंच ठेवा आणि तळाचं बूच काढून ठेवा, म्हणजे आत पाणी साठणार नाही. ताडपत्री थेट अंगावर कधीही टाकू नका. वाऱ्याने ती फडफडते आणि तीन महिने जेलकोट घासत बसते, शिवाय खाली ओल कोंडून बुरशी धरते. बांबूचा सांगाडा करा, त्यावर ताडपत्री किंवा झापं, आणि दोन्ही टोकांना वारा खेळायला जागा. दोर जिथे काठावरून जातो तिथे जुन्या सायकल ट्यूबचा तुकडा सरकवा. श्रावणात एखाद्या उघडिपीच्या दिवशी ताडपत्री वर करून आत नजर टाका, काळे ठिपके दिसले तर लगेच शॅम्पूच्या पाण्याने पुसा. सप्टेंबरपर्यंत तसेच राहिले तर ते जेलकोटच्या छिद्रांत उतरतात आणि मग ऑक्झॅलिकचाही फारसा उपयोग होत नाही.